विमानातले 'मान'

मागील वर्षी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी आलेल्या मजकुरात एक लेख शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर होता. लेखक द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान चिंचपाडा नावाचे स्थानक आहे. तेथून तो रोज पॅसेंजरने येतो. लेख सुवाच्य होता, भाषाही बऱ्यापैकी शुद्ध होती, आणि मजकूर आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेला होता. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवले, ते १५०० फूट उंच गेले, प्रेक्षकांत सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे होते, इत्यादी. आम्ही दोघांनी एकदोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि लेख लावायला दिला. मराठीचे अध्यापक जे करतात तेच आम्ही केले.

अडचण नंतर आली. या मुलाला विमानांच्या प्रतिकृती करण्याचा नाद आहे. लहानपणी ज्वारीच्या ताटाचे चिपाड सोलून, आतल्या भेंडाचे अंग आणि सालीच्या पट्ट्यांचे पंख करून तो विमाने बनवत असे. आमच्या भागातील मुले त्याच साहित्यातून बैलगाड्या आणि चष्मे करतात. पुढे त्याला प्लास्टिकचे सुटे भाग असलेला, जोडून रंगवायचा, मिग-२१ या लढाऊ विमानाचा संच मिळाला. तो १:७२ प्रमाणाचा होता. आता त्याच्या शेजारी त्याच प्रमाणात लाकडाचा 'मरुत्सखा' करून ठेवावा, असे त्याच्या मनात आले. एक दिवस तासानंतर त्याने विचारले, "सर, मरुत्सखाच्या पंखांची लांबी किती धरू?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढचे दोन महिने आम्ही जे वाचले त्यातून प्रस्तुत लेख सिद्ध झाला आहे. विमानशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु संहिता, प्रत, पाठ आणि पुरावा हे आमचेच शब्द आहेत, आणि या लहानशा छंदाच्या पोटात तेच शब्द निराळ्या वेषात वावरत असल्याचे आम्हाला आढळले.

आरंभ 'विमान' या शब्दापासूनच करावा लागतो. तो 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून आलेला आहे. 'वि' उपसर्ग लागून मोजून काढणे, मोजीत ओलांडून जाणे असा अर्थ होतो. वैदिक भाषेत अंतराळ मोजीत जाणारा, व्यापणारा अशा अर्थाने हा शब्द येतो. रामायणातील पुष्पक आणि तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान या फार पुढच्या गोष्टी. चरकसंहितेतील 'विमानस्थान' उघडणाऱ्याला तेथे आकाशयान सापडत नाही. दोष, औषधे इत्यादींचे मान कसे जाणावे याची चर्चा सापडते. मंदिरस्थापत्यात गर्भगृहावरची जी मोजून रचलेली वास्तू तिलाही विमान म्हणतात. सिन्नरच्या गोंदेश्वराचे किंवा अंबरनाथचे शिखर ज्यांनी निरखून पाहिले असेल त्यांना आठवेल की, त्या भूमिज शिखरावर त्याच शिखराच्या लहान प्रतिकृती ओळीने, थरावर थर रचलेल्या असतात, आणि वर जाताना त्या एका हिशेबाने लहान होत जातात. म्हणजे मोठी वस्तू ठरलेल्या प्रमाणात लहान करून पुन्हा घडवणे ही काही आपल्याकडे परक्या मुलखातून आलेली कल्पना नव्हे. असो.

आता हा ७२ चा आकडा. तो ब्रिटिश मापपद्धतीतून आला. ६ फुटांचा १ इंच केला की १:७२ होते. सर्वसाधारण पुरुषाची उंची मग एका इंचाएवढी भरते. इंग्लंडमध्ये १९३२ साली जेम्स हे स्टीव्हन्स यांनी 'स्कायबर्ड्‌स' या नावाने लाकडी संच आखले, तेव्हा हे प्रमाण रूढ झाले. १९३६ साली 'फ्रॉग' या कंपनीने प्लास्टिकचे पहिले संच याच प्रमाणात काढले. या कंपनीची आधीची खेळण्यातील विमाने खरोखर उडत; ही नवी मात्र कपाटावर ठेवायची, म्हणून तिने त्यांना 'पेंग्विन' असे नाव दिले. पंख असून न उडणारा पक्षी! नामकरणातील एवढा प्रांजळपणा आम्हाला अन्यत्र क्वचितच दिसला आहे.

या खेळण्याला जीवनमरणाचे वजन आले ते दुसऱ्या महायुद्धात. आकाशातील ठिपका आपला की शत्रूचा, हे काही क्षणांत ओळखावे लागे, आणि चूक झाली तर स्वतःचेच वैमानिक मारले जात. १९४२ च्या आरंभी अमेरिकन नौदलाने देशभरातील शाळांना आवाहन केले की, मुलांनी ५० प्रकारच्या विमानांच्या मिळून ५ लाख लाकडी प्रतिकृती करून द्याव्यात. प्रमाण १:७२, रंग फक्त काळा. हिशेब साधा आहे. १० मीटरवर धरलेली अशी प्रतिकृती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. बाह्यरेषा चुकली तर सैनिक चुकीचे शिकेल, म्हणून मुलांनी केलेल्या प्रतिकृती मापपट्ट्या लावून तपासल्या जात. प्रतिकृती सुंदर असण्यापेक्षा ती खरी असणे महत्त्वाचे, हा या छंदाचा धर्म तेव्हापासून पक्का झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

तर, विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. १:७२ प्रमाणात काही करायचे म्हणजे मूळ मापाला ७२ ने भागायचे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, भागल्यावर जवळजवळ १० सेंटिमीटर. राइट बंधूंच्या १९०३ च्या यंत्राचा ४० फूट ४ इंच. भागल्यावर सुमारे १७ सेंटिमीटर. 'मरुत्सखा'च्या बाबतीत भागायचे म्हटले तर भागायचे कशाला? आमच्या वाचनात या कथेची जी रूपे आली त्यांत उंचीचा आकडा आहे, मान्यवरांची नावे आहेत, पाऱ्याच्या इंजिनाचा उल्लेख आहे. पंखांची लांबी, यंत्राचे वजन, कागदावरचा आराखडा यांतले काही नाही. विमानात माणूस बसला होता की ते रिकामेच उडाले, याविषयी कथा सांगणाऱ्यांतच एकवाक्यता नाही. काही जण 'केसरी'ने बातमी दिल्याचे सांगतात; अंकाची तारीख मात्र कोणी देत नाही. १५०० फूट कोणी आणि कशाने मोजले, हा प्रश्न तर कथेला पडतच नाही. आकडा ऐकणाऱ्याला तो प्रमाणासारखा वाटतो, पण तो आलेला असतो बखरीच्या वाटेने, जेथे सैन्य नेहमीच लाखाचे असते.

तुलनेसाठी त्याच काळातील एक खरी प्रतिकृती पाहावी. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांचे वाफेच्या इंजिनावर चालणारे, माणूस नसलेले यान पोटोमॅक नदीवर उडाले. अंतर मोजले गेले: सुमारे ३३०० फूट. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल काठावर उभे होते आणि त्यांनी छायाचित्र घेतले. तारीख, अंतर, साक्षीदार, छायाचित्र, आणि यंत्रही जपून ठेवलेले. यापुढचा भाग अधिक बोधक आहे. याच लँगलींनी त्या रचनेचे माणूस वाहून नेणारे मोठे यान केले, आणि ते १९०३ च्या ऑक्टोबर व डिसेंबरमध्ये दोन्ही वेळा उडताच नदीत कोसळले. लहान आकृती मोठी केली की पंखांचे क्षेत्रफळ वर्गाने वाढते आणि वजन घनाने. ७२ पट मोठी केलेली वस्तू क्षेत्रफळात ५१८४ पट होते, वजनात ३,७३,२४८ पट. तेव्हा एखादी प्रतिकृती उडाली याचा अर्थ तिचे विमान उडाले असा होत नाही. दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे यंत्र १२ सेकंदांत १२० फूट गेले. ही बढाई मारण्यासारखी मापे नव्हेत. कोणी रचलेली कथा असती तर तिने याहून बरे आकडे घेतले असते.

तळपदे यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. १८६४ साली मुंबईत जन्मलेला, संस्कृत ग्रंथ वाचणारा आणि हातात हत्यार धरणारा हा गृहस्थ खरा होता व त्याने काही यंत्रे बनवण्याचा खटाटोप केला हेही खरे. त्याच्याविषयीचा एक महत्त्वाचा दुवा मिळतो तो अनपेक्षित ठिकाणी. 'वैमानिक शास्त्र' नावाचा संस्कृत ग्रंथ महर्षी भरद्वाजांच्या नावावर प्रसिद्ध आहे. तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि व्यंकटाचल शर्मा यांनी उतरवून घेतला. त्यातील विमानांची चित्रे एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. १९७३ साली म्हैसूरहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी, मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू यांनी, या ग्रंथाची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात त्यांनी असे नोंदवले आहे की, सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी मुंबईत काही विमानप्रतिकृती तयार केल्या होत्या, परंतु त्यांतील एकही उडू शकली नाही.

हे वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, स्वतःच्या हाताने प्रतिकृती करणारा आणि त्या उडत नाहीत हे पाहणारा एक मराठी माणूस: तळपदे यांच्याविषयी सांगण्याजोगी गोष्ट ही होती. चौपाटीच्या कथेने ती पुसून टाकली आणि तिच्या जागी एक पुतळा बसवला. अपयशी प्रयोगकर्त्याला शास्त्राच्या इतिहासात जागा असते, कारण त्याच्या यंत्राचे काय चुकले हे पुढच्याला पाहता येते. ज्याने सर्व काही आधीच साधले होते त्याच्यापासून शिकण्यासारखे काही उरत नाही.

या पाच अभ्यासकांची पद्धत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. त्यांनी आधी भाषा तपासली. ग्रंथाचे संस्कृत सोपे आणि अर्वाचीन आहे, ते वैदिक नाही. मग हस्तलिखिताचा माग काढला आणि ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही असा निर्णय दिला. हे सर्व आपल्याच शाखेचे काम झाले. त्यानंतर त्यांनी चित्रांतील मापे घेतली आणि शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या चार विमानांचे वजन, उचल आणि रेटा यांचा हिशेब मांडला. रुक्म विमानातील हवा खाली ढकलणाऱ्या पंख्यांच्या कल्पनेत त्यांना थोडा अर्थ दिसला, आणि तसे त्यांनी लिहिलेही. पण उडण्याची पात्रता चारांपैकी एकातही आढळली नाही. लक्षात घ्यावे, की येथे निदान आराखडे होते म्हणून ग्रंथाला खोटे ठरवता आले. 'मरुत्सखा'ला तेही भाग्य नाही.

यापेक्षा खरोखर जुना ग्रंथ हवा असेल तर तो अकराव्या शतकातील, माळव्याच्या भोजराजाच्या नावाचा 'समरांगणसूत्रधार' होय. त्याच्या यंत्रविधानाच्या अध्यायात हलक्या लाकडाच्या मोठ्या पक्ष्याचे आणि त्याच्या पोटातील तापवलेल्या पाऱ्याचे वर्णन आहे. परंतु तेथेच ग्रंथकार असेही सांगतो की, यंत्रे कशी जुळवावीत हे गुप्ततेसाठी सांगितलेले नाही, अज्ञानामुळे नव्हे. काव्य म्हणून हे वाक्य आम्हाला फार आवडले. प्रतिकृतीकाराच्या मात्र ते काही कामाचे नाही.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपदे यांच्यावरचा 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट लागला. त्या वेळचा वाद बहुतेकांना आठवत असेल. आमची तक्रार वेगळी आहे आणि ती घरातली आहे. चिंचपाड्यासारख्या गावांतून येणाऱ्या, ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात आली आहे अशा मुलांच्या हाती आपण इतिहास म्हणून काय देतो? अभिमानाची कथा दिली की मूल क्षणभर ताठ होते. पण त्याच कथेत 'किती?' असे विचारण्याची त्याची सवय मोडते. आमच्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला तो त्याच्या हाताच्या सवयीमुळे. आम्ही शिकवले म्हणून नव्हे. आम्ही तर तो लेख ऱ्हस्वदीर्घ तपासून भिंतीवर लावला होता.

आणि हे आम्ही खानदेशात बसून केले, याची लाज अधिक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच वारले, आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. १९९८ पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हापासून राजवाड्यांचा आग्रह एकच: नंतर लिहिलेल्या बखरीपेक्षा त्या दिवशीचा, तारीख असलेला कागद मोलाचा. गावोगाव, माळ्यावरचे बाड उपसत त्यांनी हा आग्रह निभावला.

प्रतिकृती करणारा जाणता माणूस नेमके हेच करतो. संच विकत घेऊन भाग डिंकाने चिकटवणे हा त्याच्या कामाचा अगदी लहान हिस्सा. खरे काम संच चुकला कोठे हे शोधण्याचे. 'एअरफिक्स' कंपनीचा १९५३ सालचा 'स्पिटफायर'चा संच फार गाजला. दोन शिलिंगांना तो मिळे. पण तो दुसऱ्या एका कंपनीच्या १:४८ च्या संचावरून लहान करून घेतलेला होता. म्हणजे नकलेवरून नक्कल. मूळ विमानाशी ताडून पाहण्याची पायरीच गाळलेली. हस्तलिखितांच्या वंशावळी ज्यांनी आखल्या आहेत त्यांना हा प्रकार चांगला ठाऊक असेल: एका लेखकाची चूक त्याच्या सर्व वंशजांत उतरते. नॅट विमानाचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर एकट्याने लढून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों ज्यात वीरगतीला गेले ते एक बैठकीचे लढाऊ नॅट. बाजारात वर्षानुवर्षे सहज मिळणारा संच मात्र दोन बैठकींच्या प्रशिक्षण-नॅटचा. त्याचे नाक लांब, पंखही मोठे. त्यावर भारतीय रंग आणि चक्रे लावली की ते नॅट दिसते खरे, पण सेखों यांचे होत नाही. त्यासाठी धड कापावे लागते, पंख छाटावे लागतात, सांधे लांबीने भरून कानस आणि पॉलिशपेपर चालवावा लागतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जवळजवळ अर्धे शतक जे केले त्याचा हा टेबलावर मावणारा अवतार होय.

छाटण्याइतकाच भर घालण्याचाही प्रश्न असतो. आता या संचांसाठी वेगळे विकत मिळणारे जोडसामान भरपूर झाले आहे: रेझिनच्या खुर्च्या, रसायनाने कोरलेले पितळी पत्र्याचे पट्टे आणि घड्याळांचे तक्ते, पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरे. त्याचा मोह पडतो. जुन्या संचांवर खिळ्यांची डोकी उठावाने दाखवत, ती मूळ विमानावर कशी दिसतील याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्याने आम्हाला करून दाखवला. अर्ध्या मिलिमीटरचा गोल उंचवटा गुणिले ७२ म्हणजे ३६ मिलिमीटर; चक्क लिंबाएवढा खिळा. खरे खिळे या प्रमाणात केसाच्या जाडीचे होतील, ते दिसूच नयेत. तरीही लोकांना ते हवे असतात, कारण तपशील दिसला की खरेपणा वाटतो. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांना हेच भय होते. पदरची ओवी घालणाऱ्याला त्यांनी अमृताच्या ताटाची आणि नरोटीची उपमा दिली, ती येथे आठवावी. ती भरीची ओवी वाईटच असेल असे नाही; कधी ती चांगलीही असते, आणि मग ती काढणे अधिक जड जाते.

या सर्वांपेक्षा अवघड प्रश्न आम्हाला गोव्यात भेटला. वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाला लागून, नौदलाचे विमानसंग्रहालय आहे; ते १९९८ साली सुरू झाले. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांत चार इंजिनांचे, माशासारख्या वळणाचे आणि तीन शेपटांचे एक सुपर कॉन्स्टेलेशन आहे. १९५० च्या दशकात ते एअर इंडियाचे प्रवासी विमान होते आणि त्याचे नाव होते 'रानी ऑफ एलोरा', आपली वेरूळची राणी. पुढे ते हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये नौदलाने सागरी टेहळणीसाठी घेतले. आज ते नौदलाच्या रूपात उभे आहे. आता याची प्रतिकृती करायची तर कोणती? प्रवासी घेऊन मुंबईहून निघणारी राणी, की समुद्रावर डोळे लावून फिरणारे टेहळे? यंत्र एकच, पण रंग, अक्षरे, क्रमांक, आतली रचना, सगळे बदललेले. प्रतिकृतीकाराला उत्तर द्यावेच लागते. 'साधारण सुपर कॉन्स्टेलेशन' असे काही करता येत नाही, कारण रंगाचा कुंचला कोणत्या तरी एका वर्षाच्या रंगातच बुडवावा लागतो. जाणते लोक तर वर्षावरही थांबत नाहीत. त्या दिवशी इंजिनामागे काजळी किती होती, ऊन खाऊन रंग कोठे उडाला होता, कोणता पत्रा नुकताच बदलला होता, हे ते छायाचित्रांतून काढतात. एका विमानाचा एक दिवस, एवढीच त्यांची मागणी. वाङ्मयेतिहास शिकवताना आम्ही 'संतांच्या काळी' किंवा 'पेशवाईत' अशी जी शतकेच्या शतके एका वाक्यात गुंडाळतो, ती त्या दिवशी आम्हाला फार सैल वाटली.

'मरुत्सखा' अखेर झाला नाही. त्या लेखाखाली आमच्या दोघांच्या नावाने आम्ही एक टीप लावली, की मूळ मजकूर लावण्यापूर्वी आम्ही पुरावा पाहिला नव्हता. भित्तिपत्रक बदलेपर्यंत दोन्ही शेजारी राहिले. टीप कितीजणांनी वाचली हे सांगता येत नाही. एका सहकाऱ्याने मात्र, मुलाचा हिरमोड कशाला केलात, असे विचारले.

मुलाचा हिरमोड झाला नव्हता. तो मिगमध्ये गुंतला होता. त्यालाही कारण घरचेच. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला, अशी वाटणी होती. प्रारंभी सोव्हिएत संघातून सुटे भाग पेट्यांत येत आणि येथे ते जोडले जात. म्हणजे १:१ प्रमाणाचा संचच म्हणायचा. मग हळूहळू भाग येथे घडू लागले, आणि अशा रीतीने सहाशेंहून अधिक मिग-२१ देशात तयार झाली. त्यांनी १९७१ चे युद्ध पाहिले. पुढे इतके अपघात पाहिले की वर्तमानपत्रांनी त्यांना 'उडत्या शवपेट्या' म्हटले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे हे विमान हवाई दलातून निवृत्त झाले. विद्यार्थ्याचे मामा ओझरला कामगार होते. त्याला करायचे होते ते मामांच्या हाताखालून गेलेले मिग. दुसरे कोणतेही नको.

भारतीय मिग-२१ चा क्रमांक 'सी' या अक्षराने सुरू होतो आणि तो नाकाच्या बाजूला लिहिलेला असतो. मुलाने मामांना क्रमांक विचारला. मामा म्हणाले, आम्ही पंखांच्या खात्यात. पंख विमानाला लागायच्या आधीच आमच्या हातून पुढे जायचा, मग तो कोणत्या क्रमांकावर चढला हे आम्हाला कोण सांगणार? त्यांना आठवत होते ते वेगळेच. पंखाच्या बुडाशी एका झाकणाचे स्क्रू नेहमी अडत, आणि ते कोणत्या बाजूने आधी सोडायचे हे नवीन माणसाला शिकवावे लागे. मुलाने भिंगाखाली धरून पाहिले. त्याच्या संचात त्या जागी झाकणाची रेषाच नव्हती. ती त्याने सुईने कोरली, दोन्ही पंखांवर, मामांना विचारून विचारून. आता सगळे रंगवून झाले आहे, चक्रे लागली आहेत. नाकाची बाजू तेवढी कोरी आहे. संचासोबत आलेले आकडे त्याने लावलेले नाहीत. मामांच्या एका जुन्या सोबत्याकडे त्या वर्षांची कामाची वही असावी, असे मामांना वाटते. दिवाळीला नाशिकला जाऊ तेव्हा विचारू, म्हणाले आहेत.